भिंतीवरील भेग व आपली जबाबदारी

(शास्त्रभाग: लेवीय 14:33-48, निर्गम 21:28-29)

घर पाहावे बांधून व लग्न पाहावे करून, ही म्हण रूढ झाली त्या काळी मनुष्य आपले घर आपल्या देखरेखीखाली बांधून घेत असे. पाया किती खोल गेला, दगड कसा होता, चुना किती दिवस भिजला, हे सर्व त्याच्या डोळ्यांसमोर होई. आज पुष्कळांना घर विकत घ्यावे लागते. म्हणजे दुसऱ्याने खणलेल्या पायावर, दुसऱ्याच्या शब्दावर आपली जन्माची पुंजी ठेवावी लागते. त्यातून आमच्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबे भाड्याच्या खोलीत, सरकारी क्वार्टरमध्ये किंवा मिशनच्या आवारात वाढलेली. त्यांच्या घराण्यात घर घेणारे तेच पहिले. वडिलांना विचारावे तर वडिलांनी कधी घर घेतलेले नाही.

समजा, आमच्या बोथसारख्या गावी असा एक शिक्षक घर घेत आहे. इसार देऊन झाला आहे. बँकेचे कर्ज मंजूर होण्याच्या बेतात आहे. चूल कोठे व मुलांची पुस्तके कोठे हे पत्नीने मनात ठरविलेही आहे. कोणा शहाण्या माणसाच्या सांगण्यावरून तो आदिलाबादहून एक इंजिनिअर आणतो, आणि चार दिवसांनी अहवालाचा कागद हातात पडतो: पायाची हालचाल झाल्याची शक्यता, स्लॅबमधील सळयांना गंज, मागील भिंतीत ओल, अधिक तपासणी आवश्यक. त्या रात्री त्या कुटुंबात कोणाला झोप येणार?

अशा वेळी मन दोन पळवाटा शोधते. एक म्हणते, हे घरच नको, काहीही होवो, हात झटकून मोकळे व्हा. दुसरे म्हणते, इंजिनिअर लोक असे लिहितातच. शेजारची घरे उभी आहेत ना? वीस वर्षे पडले नाही ते आताच कसे पडेल? पहिली वाट भीतीची व दुसरी लोभाची असे आम्हांस वाटते. परंतु दोन्ही वाटांवर एक गोष्ट समान आहे. कागद वाचला जात नाही.

प्रथम कागद वाचू या. आदिलाबाद जिल्हा कापसाचा, आणि कापसाची काळी जमीन कशी वागते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पायाचे घर अशा जमिनीवर पावसाळ्यात किंचित उचलले जाते व उन्हाळ्यात किंचित बसते. तेही सर्व बाजूंनी सारखे नव्हे. मोरीचे पाणी मुरते तिकडे जमीन फुगते, मोठ्या झाडाची मुळे पाणी ओढतात तिकडे ती खचते. मग दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात. यावर उपाय आहे. ऋतूचा ओलावा जेथे पोहोचत नाही त्या खोलीपर्यंत, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया नेणे हा तो उपाय होय. अशाच जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खोल खांबांचा पाया विकसित केला. दोन घरे बांधणाऱ्यांचा प्रभूचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. लूकच्या शुभवर्तमानात (6:48) शहाणा मनुष्य खोल खणीत खडकापर्यंत जातो, हा बारकावा काळ्या जमिनीवर राहणाऱ्यांनी विसरू नये.

तथापि प्रत्येक भेग पायाची नसते. केसासारखी बारीक भेग बहुधा गिलावा वाळताना पडलेली असते. जिच्यात नाणे सहज शिरते, जी विटांतून आरपार जाते व दरवर्षी वाढते, ती वेगळी. सळईच्या गंजाचेही तसेच. लोखंड गंजले की फुगते व भोवतीचे काँक्रीट ढकलून पाडते. पण रोग एका कोपऱ्यात आहे की सगळ्या स्लॅबमध्ये, यावर सारे अवलंबून आहे. इंजिनिअरने "शक्यता" हा शब्द लिहिला असेल तर त्याचा अर्थ "खात्री" असा करू नये, आणि "काही नाही" असाही करू नये.

येथे लेवीय पुस्तकातील चौदावा अध्याय पाहण्याजोगा आहे. वाचन करताना बहुतेक जण तो घाईने ओलांडतात. पण घराच्या तपासणीचा इतका जुना व शहाणा नियम क्वचितच सापडेल. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खोलगट चट्टे दिसले तर घरधन्याने स्वतः याजकाकडे जाऊन सांगावयाचे. याजकाने पाहण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे, नाही तर घरातील सामानही अशुद्ध ठरेल. म्हणजे कठोर नियमातही कुटुंबाच्या चीजवस्तूंची दया आहे. मग घर सात दिवस बंद. सातव्या दिवशी पुन्हा पाहणी. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून टाकावयाचे, भिंत खरवडून नवा गिलावा करावयाचा. त्यानंतरही तो उमटला तरच घर पाडावयाचे; उमटला नाही तर घर शुद्ध ठरवावयाचे. पाहणे, थांबणे, पुन्हा पाहणे, दुरुस्त करणे, आणि पाडणे सर्वांत शेवटी. मेस्त्री लोक भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवितात. भिंत हलत असेल तर काच तडकते. तीही एक प्रकारची सात दिवसांची वाटच आहे. मात्र काळ्या जमिनीवर सात दिवस पुरत नाहीत. उन्हाळा व पावसाळा दोन्ही पाहावे लागतात. विकणारा इतका थांबेल काय? बहुधा नाही. म्हणून निदान शेजाऱ्यांना, जुन्या भाडेकऱ्यांना व त्या आळीत काम केलेल्या मेस्त्रीला विचारावे.

दुसरी गोष्ट, अहवाल कोणी, कोणासाठी लिहिला हे पाहावे. कर्ज देण्यापूर्वी बँक आपला माणूस पाठविते, तेव्हा पुष्कळांना वाटते की घर तपासले गेले. वास्तविक तो घराची किंमत ठरवितो व बँकेचा पैसा बुडणार नाही हे पाहतो. आपल्या लेकरांच्या डोक्यावरील स्लॅब तपासणे हे त्याचे काम नव्हे. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींची बांधकाम-तपासणी महानगरपालिकेच्या कायद्याने सक्तीची आहे. तेथेही मालकाचा अहवाल इमारत पाडा म्हणतो व भाडेकऱ्यांचा अहवाल दुरुस्त करा म्हणतो, असे घडते. असे परस्परविरोधी अहवाल तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवावे लागतात. कागदावर शिक्का असला म्हणजे त्यात सत्य असतेच असे नाही.

आणि चिंतेचा अहवाल हा वाईट अहवाल, असेही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल 14 मार्च 2019 रोजी संध्याकाळी कोसळला व घरी परतणारी माणसे मेली. त्या पुलाची तपासणी झालेली होती, आणि किरकोळ दुरुस्ती पुरे, असा तिचा निष्कर्ष होता. त्या कागदाने कोणाची झोप उडविली नव्हती. यहेज्केल संदेष्ट्याने (13:10-15) कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना दोष दिला तो यासाठीच. ज्याने आपली झोप उडविली त्या इंजिनिअरचे आपण आभार मानले पाहिजेत.

आमच्या भागात आणखी एक भेग असते, ती भिंतीवर दिसत नाही. ती जमिनीच्या सर्व्हे नंबरात असते. जुन्या बोथ तालुक्यातील कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथील जमिनीचे आदिवासींकडून इतरांकडे हस्तांतर 1959 च्या विनियमाने व त्याच्या 1970 च्या दुरुस्तीने रद्दबातल ठरते. गोंड, कोलाम यांच्या हातून जमिनी कशा गेल्या, हा या जिल्ह्याचा दुःखाचा इतिहास आहे. अशा जागेवरील घर स्वस्त मिळते, साध्या कागदावर मिळते, आणि "येथे सगळे असेच घेतात" असे सांगितले जाते. भिंत कितीही मजबूत असली तरी हे घर नाबोथाच्या मळ्यात उभे आहे. ते खरवडून, गिलावा करून शुद्ध होत नाही. येथे विचार करीत बसण्याचे कारण नाही, सोडून द्यावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने शिंग मारून कोणाचा जीव घेतला तर बैल मारला जावा, पण धनी निर्दोष. मात्र बैल मारका आहे हे धन्याला आधी सांगितलेले असून त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर धनीही दोषी. बैल तोच, मृत्यू तोच. फरक एवढाच की धन्याला कळलेले होते. कळण्याने जबाबदारी बदलते. अहवाल हातात येण्यापूर्वी आपला शिक्षक केवळ गिऱ्हाईक होता. आता तो जाणता झाला आहे. ते न कळल्यासारखे त्याला पुन्हा करता येणार नाही.

म्हणून त्याने काय करावे? पहिले, अहवालाची भीती फुगवून घर मातीमोल मागू नये. गिऱ्हाईक वस्तूला नावे ठेवते व घेऊन गेल्यावर फुशारकी मारते, हे नीतिसूत्रकाराने (20:14) फार पूर्वी ओळखले होते. दुरुस्तीचा खर्च मोजून तेवढी किंमत कमी मागणे हा न्याय आहे. दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेणे हा न्याय नव्हे. दुसरे, घर सोडावयाचे ठरले तर अहवालाची प्रत विकणाऱ्याला द्यावी. त्यालाही कदाचित ठाऊक नसेल, आणि त्याची मुले त्याच छताखाली निजतात. तिसरे, घर घेतले व पुढे विकावयाची वेळ आली, तर तो कागद पेटीच्या तळाशी राहू नये.

ही तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. फार प्राचीन काळी तत्त्वज्ञान्यांनीही तिच्यावर वाद केला आहे. रोमचा सिसेरो याने ख्रिस्तपूर्व 44 मध्ये कर्तव्याविषयी ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात नेमका हाच प्रश्न आहे: मोडकळीस आलेले, राहण्यास अपायकारक घर, दोष फक्त मालकाला ठाऊक, त्याने सांगावे की नाही? दायोजेनीसाच्या पक्षाचे म्हणणे असे की, मी खोटे बोललो नाही, घेण्याची बळजबरी केली नाही. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. अंतिपात्राच्या पक्षाचे म्हणणे असे की, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणे जर वाईट, तर जाणूनबुजून त्याला नुकसानीत पडू देणे त्याहून वाईट. सिसेरो दुसऱ्या बाजूला उभा राहिला. त्याने एक खटलाही सांगितला आहे: रोममधील एका मालकाला धर्माधिकाऱ्यांनी घराचा उंच भाग पाडण्याचा हुकूम दिला होता, त्याने हुकूम लपवून घर विकले, न्याय देणाऱ्या केटोने नुकसान विकणाऱ्यावर टाकले. आपल्या देशाचा 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही 55 व्या कलमात हेच सांगतो. जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही व साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. ज्यांना प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करावयास सांगितले, त्यांनी कायद्याच्या मागे राहावे काय?

कोणी विचारील, विकणारी एखादी विधवा असेल, ते घर हाच तिचा आधार असेल, तर आमच्या सत्याने तिचे वाटोळे होणार नाही का? प्रश्न खरा आहे व तो हसण्यावारी नेऊ नये. बाजारात उभे राहून तिच्या घराची बदनामी करणे हे आपले काम नाही. अहवाल तिला द्यावा, दुरुस्ती कशी होईल ते सांगावे. पुढील गिऱ्हाईकाने आपणांस विचारले तर मात्र खरे सांगावे. आणि छत खरोखर जीवावर येण्याजोगे असेल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नये. तिच्या गरिबीचे ओझे तिच्याहून अनोळखी अशा दुसऱ्या गरिबाच्या लेकरांवर गुपचूप ठेवणे ही दया नव्हे.

दुसराही प्रश्न आहे. चांगले घर परवडत नाही म्हणून लोक भेगेचे घर घेतात. त्यांना "घेऊ नका" एवढेच सांगणे सोपे आहे. लेवीय पुस्तकातील मनुष्य भिंतीवरचा चट्टा घेऊन एकटा बसला नाही. तो कोणाकडे तरी गेला, आणि त्या माणसाने येऊन घर पाहिले. आपल्या मंडळ्यांत निवृत्त इंजिनिअर आहेत, वकील आहेत, हाताला सवय असलेले मेस्त्री आहेत. गृहप्रवेशाच्या उपासनेला आपण सर्व जातो, गीते गातो, जेवतो. इसार देण्यापूर्वी एक दिवस त्यांतील दोघे-तिघे त्या घरी गेले, भिंतीवर हात फिरविला, सर्व्हे नंबर तपासला, दुरुस्तीचा हिशेब मांडून दिला, तर ती सेवा प्रार्थनेहून कमी ठरणार नाही. आपला शिक्षक मग घर घेवो वा सोडो, तो भीतीने निर्णय घेणार नाही. आणि पुढे कधी त्याच्या दाराशी दुसरे गिऱ्हाईक आले, तर तो पेटीतून तो कागद काढून त्याच्या हाती देऊ शकेल.