पासिंग कुठलं?

जुलै २०२५मध्ये बंगळुरूच्या परिवहन खात्यानं एक फेरारी पकडली. किंमत साडेसात कोटींच्या घरात, नंबरप्लेट महाराष्ट्राची, वावर मात्र बंगळुरूत. कर आणि दंड मिळून जवळजवळ १ कोटी ४२ लाख रुपये मालकाला भरावे लागले. बातमी वाचणाऱ्यांनी आकड्यावर तोंडात बोटं घातली. मला मात्र ती एमएचची पाटी जास्त बोलकी वाटली. परराज्यात पासिंग करून कर वाचवायचा म्हटलं की आपल्याला पुद्दुचेरी आठवतं, फार तर दमण. आपणही कुणाचं तरी पुद्दुचेरी होऊन बसलो आहोत, हे सहसा लक्षात येत नाही.

ते झालं कसं, हे पाहण्यासारखं आहे. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली. महसुलाची तूट भरून काढायला राज्यानं वाहनकर दोन टक्क्यांनी वाढवला आणि त्याच वेळी कराला २० लाखांची कमाल मर्यादा घातली. कारण सरळ होतं: महागड्या गाड्या दुसऱ्या राज्यांत नोंदल्या जात होत्या, त्या इथे राहाव्यात. आता हिशोब करा. बारा लाखांची पेट्रोल गाडी घेणारा नोकरदार १२ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार भरतो, एक रुपया कमी नाही. साडेसात कोटींच्या गाडीला वीस लाख म्हणजे पावणेतीन टक्केही होत नाहीत. जुलै २०२५पासून ही मर्यादा ३० लाख झाली, तरी ते चारच टक्के. म्हणजे पळून जाऊ शकणाऱ्याला थांबवण्यासाठी सवलत, आणि ज्याला पळता येत नाही त्याच्याकडून पूर्ण वसुली. राज्य सरकारनं स्वतःच असा भाव ठरवल्यावर नागरिकानं एजंटाला फोन लावला, तर त्याला एकट्याला लबाड कसं म्हणायचं?

तरीही लबाडी ती लबाडीच. पुद्दुचेरीच्या नोंदणीची गोष्ट केरळात २०१७मध्ये उघडी पडली. चित्रपटसृष्टीतली नामवंत मंडळी आणि एक खासदार यांच्या आलिशान गाड्या पुद्दुचेरीच्या पत्त्यावर निघाल्या, गुन्हे दाखल झाले. त्यात चोरलं जातं ते काय? गाडी खरी, इंजिन नंबर खरा, पैसेही रीतसर मोजलेले. खोटा असतो तो फक्त पत्ता. भाडेकरार, विम्याची पॉलिसी, असा एखादा कागद जोडला की तुम्ही कागदोपत्री तिथले रहिवासी. एजंट विकतो तो हा पत्ता. गाडी एकदाही त्या गल्लीत जात नाही, आणि गेली तरी तिथे ती मावणार नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ४० म्हणतं की मालक जिथे राहतो, किंवा त्याचा धंदा जिथे आहे आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते, त्या हद्दीत नोंदणी करावी. २०१९च्या दुरुस्तीनं राज्यातल्या कुठल्याही आरटीओत जायची मुभा दिली, पण राज्याची वेस तशीच राहिली. ती वेस कराची आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर राज्यसूचीत ५७व्या क्रमांकावर बसतो. पण तो कर कुठल्या तत्त्वांवर लावायचा, हे समवर्ती सूचीतल्या ३५व्या नोंदीत आहे. म्हणजे केंद्राला तिथे बोलायचा अधिकार आहे. घटनाकारांनी ही खिडकी ठेवली, केंद्रानं ती क्वचितच उघडली. २०१८मध्ये राजस्थानचे तत्कालीन परिवहनमंत्री युनूस खान यांच्या अध्यक्षतेखाली राज्यांच्या मंत्रिगटानं देशभर एकच दर सुचवला होता: दहा लाखांच्या आत आठ टक्के, वीसपर्यंत दहा, त्यापुढे बारा. सगळ्यांसाठी तो काही आला नाही. कुठलं राज्य आपल्या हातानं तिजोरीचं कुलूप काढून देईल? वस्तूंवरचे कर जीएसटीत गेल्यावर राज्यांच्या हाती दारू, इंधन, मुद्रांक आणि वाहनं एवढीच काय ती मोठी खाती उरली.

‘रस्ता तर सगळ्या देशाचा आहे, टोल भरतो, फास्टॅग आहे, पेट्रोलवर कर देतो, मग हे कशाला?’ हा युक्तिवाद मी शहाण्यासुरत्या माणसांकडून ऐकला आहे. तो अगदी पोकळ नाही. पण गाडी धावते, उभी राहते, सिग्नल अडवते, धूर सोडते ती बंगळुरूत किंवा कोचीत. तिथला वाहतूक हवालदार, तिथलं ट्रॉमा सेंटर, तिथले खड्डे यांचा खर्च पुद्दुचेरी उचलत नाही.

आणि गोष्ट फक्त पैशांची राहत नाही, हे बसगाड्यांकडे पाहून कळतं. पुण्याच्या वाकडला किंवा मुंबईच्या सायनला रात्री नऊनंतर उभं राहा. स्लीपर बसच्या रांगेत एनएल आणि एआर दिसतील, नागालँड आणि अरुणाचल. दिमापूरला यातली किती धुडं कधी पोचली असतील? बर्थमागे किंवा सीटमागे कर लावणाऱ्या राज्यांतून सुटायचं, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट काढायचं आणि त्याच परमिटवर रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या मार्गावर तिकीट विकून माणसं न्यायची, असा हा धंदा आहे. तमिळनाडूनं जून २०२४मध्ये अशा परराज्यातल्या खासगी बसना अटकाव केला तेव्हा प्रवाशांचे हाल झाले आणि शिव्या सरकारला बसल्या. मग ऑक्टोबर २०२५मध्ये हैदराबादहून बंगळुरूला निघालेली स्लीपर बस कर्नूलजवळ जळाली. तिची नोंदणी आधी दमण-दीवची, नंतर ओडिशाची. ती रोज धावायची तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातून. जळण्याचं कारण नोंदणी नव्हे, हे मान्य. पण ज्या कार्यालयानं कागद केले त्याच्या हद्दीत बस नाही, आणि ज्याच्या हद्दीत बस आहे त्याच्याकडे कागद नाहीत, अशा व्यवस्थेत जाब विचारायचा कुणाला? खोट्या पत्त्यानं वाचलेला पैसा दिसतो. त्यानं तोडलेला हा धागा अपघातापर्यंत दिसत नाही.

सगळ्यात विचित्र म्हणजे हा कायदा खरोखर जागा बदलणाऱ्याला जास्त छळतो. पुण्यातला अभियंता नोकरीसाठी बंगळुरूला गेला, एमएच बारा घेऊन गेला. केंद्राच्या कायद्यानं त्याला बारा महिने मिळतात. त्यानंतर नवा नंबर, त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची वेगळी. मग कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा, आणि महाराष्ट्रात भरलेला उरलेला कर परत मागायचा. तो परतावा मिळवणं म्हणजे सासरी गेलेल्या मुलीच्या हुंड्याची वसुली; कागदावर हक्क, प्रत्यक्षात चपला झिजवणं. कर्नाटकानं तर २०१४मध्ये बारा महिन्यांचे तीस दिवस केले होते. उच्च न्यायालयानं २०१६मध्ये ती दुरुस्ती रद्द केली, तोवर एमएच दिसली की पोलिसांची शिट्टी वाजायची. जो खोटा राहतो त्याला एकदाच आणि थोडं भरावं लागतं. जो खरोखर राहायला येतो तो दोनदा भरतो.

यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२१पासून बीएच, म्हणजे भारत, मालिका आली. दोन-दोन वर्षांचा कर, दर मंत्रिगटाचेच, आठ-दहा-बारा. चांगली सोय आहे. पण ती कुणाला? सरकारी नोकर, सैन्यदलातली माणसं, सार्वजनिक उपक्रमांतले, आणि खासगीत चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी. सुरतला दुकान हलवणारा धुळ्याचा व्यापारी यात बसत नाही. कंत्राटी परिचारिका बसत नाही. भारताची नंबरप्लेट मिळायला चार राज्यांत शाखा असलेला मालक लागतो!

आणि गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याचा माणूस तर कशातच बसत नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथली कितीतरी मुलं रोज पत्रादेवीला किंवा आसपास गोव्याची हद्द ओलांडून म्हापशाला, डिचोलीला कामाला जातात. पगार गोव्यात, दवाखाना बांबोळीला, पेट्रोलही गोव्यात, कारण २०१२मध्ये तिथले मुख्यमंत्री पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला तेव्हापासून टाकी तिकडे भरायची सवय लागली ती लागलीच. मोटरसायकल सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत गोव्यात उभी, रात्री आईच्या अंगणात सिंधुदुर्गात. अशा मुलानं म्हापशाच्या मावशीचा पत्ता देऊन जीए पासिंग करून घेतलं, तर गोव्यातले लोक ‘आमचे नंबर घेतात’ म्हणून कुरकुरतात. एमएच ०७ ठेवली तर गोव्याचे पोलीस तीच आधी बाजूला घेतात, अशी त्या मुलांची तक्रार असते. मावशीचा पत्ता खोटा आहे का? वर्षातले काही महिने, पावसात, तो तिच्याकडेच झोपतो.

मला विचाराल तर त्या फेरारीकडून कर्नाटकानं पूर्ण वसुली केली ते योग्यच केलं, आणि या मुलाच्या मोटरसायकलला मी हात लावणार नाही. पण कलम ४०मध्ये दोघांसाठी शब्द एकच आहेत, आणि पत्रादेवीला उभ्या असलेल्या हवालदाराला ते मोटरसायकलवर लावणं कितीतरी सोपं जातं.