भंडाऱ्यावरून दिसणारं गाव

भंडारा डोंगरावर उभं राहिलं की नजर आधी इंद्रायणी शोधते आणि तिच्या काठचं देहू. पायथ्याच्या तळेगाव-चाकण रस्त्यावर कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर चाललेले असतात आणि पूर्वेला चाकणच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकतात. ते पाहून ‘तुकोबांच्या भूमीचं हे काय झालं’ असं पुष्कळजण हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही.

तुकोबा काही पोटापाण्याची चिंता मिटल्यावर डोंगर चढले नाहीत. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. घरात सावकारीची खतं तेवढी उरली. डोंगरावरच्या एकांतातून परतल्यावर धाकट्या भावाला, कान्होबांना, निम्मी खतं देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. म्हणजे डोंगराने त्यांना व्यवहारापासून तोडलं नाही, येणं-देणं निराळ्या नजरेने पाहायला लावलं. भंडारा त्यासाठी नेमक्या अंतरावर आहे: गाव दिसतं, गावातली हाक पोहोचत नाही. त्यांची दुसरी बायको जिजाई मात्र भाकरी घेऊन ही चढण चढायच्या. त्यांच्या पायातला काटा विठ्ठलाने काढल्याची कथा सांगताना आपण काटा काढणाऱ्यालाच नमस्कार करतो. त्या एकांताचा भार कुणाच्या पायांवर होता, तेही त्याच कथेत आहे.

इथल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. विजेचा ताण विभागण्यासाठी उद्योगक्षेत्रांना वेगवेगळे वार मिळाले, त्यात हा वाट्याला आला. तुकोबांना गुरूपदेश झाला तो माघ शुद्ध दशमीचा वारही गुरुवारच. अशाच एका गुरुवारी कंपनीचा शर्ट घातलेला धाराशिवकडचा एक पोरगा कातळावर बसून आईला व्हिडिओ कॉलवर दाखवत होता, “ते लांबडं छप्पर दिसतंय का? तिथंच असतोय मी.” आत असताना त्याला एक मशीन आणि शिफ्टचं घड्याळ दिसत असणार. आपण राबतो ती जागा शेतं, नदी, गाव यांच्यासकट कुठे बसते, ते पाहायला त्याला वर यावं लागलं.

म्हणून अशा डोंगरांसाठी भांडावं लागतं. 2008 मध्ये तुकोबांच्या एकांताच्या दुसऱ्या डोंगराजवळ, भामचंद्राजवळ, शिंदे-वासुलीला डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राविरुद्ध वारकरी आणि गावकरी उभे राहिले, आणि अखेर तो प्रकल्प तिथून गेला. भंडाऱ्यावर आता भाविकांच्या देणग्यांतून भव्य दगडी मंदिर उभं राहतं आहे. ते व्हावं. पण वाहनतळ, कमानी, फरशा यांची हाव मंदिराच्या मागोमाग येतेच. डोंगराच्या पोटातल्या बौद्ध लेण्यांचा उतार आणि कड्याजवळचा उघडा कातळ यांना हात लावू नये. देवळाची बाजू गर्दीने भरो. ही बाजू गुरुवारी येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवा.