चंद्रावरचा पाणवठा
पाणी सापडले की रानाचे गाव होते आणि गाव झाले की वहिवाटीचा प्रश्न उभा राहतो. चंद्रावर पाण्याचे अंश आहेत, हे २००९ साली चंद्रयान-१ च्या नोंदींवरून जगाला कळले. दक्षिण ध्रुवाजवळच्या, सूर्यकिरण कधीच न शिरणाऱ्या विवरांत बर्फ आहे. त्यातून प्राणवायू व हायड्रोजन वेगळे केले, तर पुढच्या प्रवासाचे इंधन तिथेच मिळेल. चंद्र हा वाटेवरचा थांबा होईल.

१९६७ चा अंतराळ करार कोणत्याही राष्ट्राला तिथे मालकी सांगू देत नाही. २०२० चा आर्टेमिस करार मात्र म्हणतो, तिथली संपत्ती उपसणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे. भारतानेही २०२३ साली त्यावर सही केली. मला हा भेद पचत नाही. विहीर सर्वांची, पण पोहरा दोघाचौघांचाच, तर विहीर कोणाची? शंभर वर्षांनी जो तिथे तहानलेला पोहोचेल, त्याचा वाटा आज कोणी राखायचा?