कापसाच्या खोलीतली सभा

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात नांदुरा तालुक्यातल्या एका घरी प्रार्थनासभेला गेलो होतो. भाव चढेल या आशेनं पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. उरलेल्या जागेत आम्ही नऊ जण, गुडघ्याला गुडघा लावून. ‘उपासना संगीत’मधलं एक गीत झालं, वचन वाचलं, मग विनवण्या सुरू झाल्या. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाची शुगर. घरधन्याची पाळी आली तेव्हा तो कापसाचा पुंजका बोटांनी पिंजत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “सावकाराचं हाये माह्यावर. घरीबी नाही सांगतलं.” दारात त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तिथंच खाली बसली.

हा माणूस बारा वर्षं दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतो. उपासना सुटली की मी विचारतो, “जय ख्रिस्त, बरं आहे ना?” तो म्हणतो, “बरं हाये.” आमचं बोलणं कधी याच्यापुढे गेलंच नाही. दीडशे माणसांत मन उघडं करता येत नाही, आणि कुणी करावं अशी अपेक्षाही नसते. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आम्ही तिथं एका सुरात म्हणतो. मराठी बायबलात त्या प्रार्थनेत पापासाठी शब्द आला आहे तो ‘ऋण’. ज्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव 2006 साली पंतप्रधानांच्या शेतकरी मदत पॅकेजातल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत होतं, तिथं हा शब्द तोंडातून इतका सहज कसा निघून जातो, याचं मला आता नवल वाटतं.

इंग्लंडात मेथडिस्ट मंडळींचे छोटे वर्ग सुरू झाले तेही कर्जापायीच. 1742 साल, ब्रिस्टल शहर. प्रार्थनागृहाच्या बांधकामाचं देणं थकलं होतं. दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करू, असं ठरलं. पण गरिबांनी ती कुठून आणायची? तेव्हा एका निवृत्त जहाज-कप्तानानं सांगितलं, की सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं नाही तर त्यांचे मी भरीन. वसुलीसाठी असे पुढारी दर आठवड्याला घरोघर जाऊ लागले आणि घरातलं सगळंच त्यांना दिसू लागलं: कुणाचं भांडण, कुणाची दारू, कुणाची उपासमार. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीनं ओळखलं, की आपल्याला हवं होतं ते हेच. पैशासाठी उघडलेलं दार त्यानं माणसांसाठी उघडं ठेवलं.

आपल्याकडे ही रीत पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. अलायन्स मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अकोला, खामगाव, बुलढाणा या भागात पसरलं, तरी ख्रिस्ती घरं विखुरलेलीच राहिली. जिथं गावात दोनच घरं, तिथं ओसरीवरची सभा हीच मंडळी. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीतले वारकरीही हे जाणतात: चालायचं शेकडोंसोबत, पण पाय सुजला की तो दिसतो शेजारी चालणाऱ्यालाच.

मात्र लहान गट लवकर कोंदटतो, हेही मी पाहिलं आहे. विनवणी म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोचते. त्याच त्या चार घरांचं कोंडाळं बनतं, नवा माणूस उंबऱ्यावरच अवघडतो. म्हणून मला रेव्हरंड ना. वा. टिळक फार मोलाचे वाटतात. 1917 साली त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. दोनच वर्षांत ते गेले. पण जिव्हाळ्याच्या माणसांत बसूनही दार लोटून घ्यायचं नाही, हा त्यांचा आग्रह मला अजून पुरा पचलेला नाही.

कापसाच्या खोलीत त्या रात्री कुणी उपदेश केला नाही. एका आजीबाईंनी घरधन्याच्या बायकोचा हात धरून मोठ्यानं प्रार्थना केली. सोमवारी आमच्यातला एक निवृत्त शिक्षक त्याच्यासोबत बँकेत गेला. पुढच्या गुरुवारी सभा पुन्हा त्याच घरी ठेवली. कर्ज अजून फिटलेलं नाही. कापूस फेब्रुवारीत विकला गेला, खोली रिकामी झाली. आता ऐसपैस बसता येतं, तरी माणसं त्याच कोपऱ्यात एकमेकांना खेटून बसतात.