नाव देवाचे, वहिवाट लोकांची

उपासनेच्या स्थळास कोणत्या शब्दाने संबोधावे हा प्रश्न वरवर पाहता कोशकारांचा वाटतो. तथापि आपल्या भाषेत रूढ असलेले असे शब्द शेजारी शेजारी मांडून पाहिले, म्हणजे त्या स्थळाचा धनी कोण याविषयीच्या निरनिराळ्या कल्पना त्यांत वसत असल्याचे ध्यानात येते. ‘देवकुल’ या संस्कृत शब्दापासून देऊळ आणि ‘राजकुल’ या शब्दापासून राऊळ सिद्ध झाले. देवालय आणि मंदिर यांचाही मूळ अर्थ निवासस्थान असाच आहे. हे सर्व शब्द तेथे कोण राहतो ते सांगतात. तेथे कोणी यावे याविषयी ते मौन धरतात. मशीद या शब्दात सजद्याची जागा, म्हणजे तेथे घडणारी क्रिया, अभिप्रेत आहे. गोमंतकातील इगर्ज हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे त्याचा अर्थ जमलेली सभा असा होतो. निवासी, क्रिया आणि समुदाय अशी नामकरणाची ही तीन तत्त्वे होत.

एवढ्या आधारावर, ज्यांच्या शब्दात सभा आहे त्यांच्या आचारात समता असणार आणि ज्यांच्या शब्दात केवळ देवाचे घर आहे त्यांच्या आचारात ती नसणार, असा सिद्धान्त मांडण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु तो टिकणारा नाही. ज्या इगर्जीच्या नावातच सभा आहे, त्या इगर्जीतील उत्सवांचे मान सांभाळणाऱ्या मंडळांत प्रवेश मिळण्यास गोव्यात अनेक ठिकाणी जात आडवी येत असे. याच्या उलट बाजूचे उदाहरण कोकणातील बेने इस्रायल समाजाचे. तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात आपले पहिले प्रार्थनागृह बांधले. अशा स्थळाला हिब्रू भाषेत सभेचे घर म्हणतात. मराठी बोलणारे बेने इस्रायल मात्र त्यास मशीद म्हणत, आणि ही वास्तू पुढे ‘जुनी मशीद’ म्हणूनच प्रसिद्ध झाली. शेजाऱ्याचा शब्द उचलल्याने त्यांच्या उपासनेत तिळमात्र फरक पडला नाही. शब्द उसना घेता येतो. त्या स्थळी जमणाऱ्या लोकांचा परस्परसंबंध मात्र ज्याचा त्यालाच घडवावा लागतो.

मराठी मुलुखात हा संबंध देवळाच्या आत क्वचितच घडला. गाभारा देवाचा आणि सभामंडप लोकांचा अशी वास्तूची रचना असली, तरी ‘लोक’ या शब्दात कोणाकोणाचा समावेश होतो हे दाराशीच ठरत असे. पाटील-कुलकर्ण्यांचा कारभार आणि गावकीचे निवाडे जेथे होत ती चावडी, आणि वडा-पिंपळाभोवती बांधलेला पार, ही गावाची खरी सभास्थाने. पण तेथेही कोणी बसावे आणि कोणी दूर उभे राहावे हे जन्मावरून ठरलेले होते. वारकऱ्यांनी आपला मेळा भरविला तो चंद्रभागेच्या वाळवंटात. जेथे भिंत नाही तेथे दरवाजा नाही आणि दरवाजा नाही तेथे मज्जावही नाही, हे त्या वाळवंटाचे मोठेपण. तरीही चोखामेळ्याची समाधी महाद्वाराच्या बाहेरच राहिली, हे विसरून वाळवंटाचे गुणगान करणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय.

विसाव्या शतकातील मंदिरप्रवेशाच्या चळवळींकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे त्यांचा खरा आशय उलगडतो. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह असो, रत्नागिरीस १९३१ साली सर्व जातींसाठी उघडलेले पतितपावन मंदिर असो, की १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास केलेले उपोषण असो. देवाच्या घराचे रूपांतर लोकांच्या सभेत व्हावे हीच मागणी त्या सर्वांच्या मुळाशी होती.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. स्थळाचे स्वरूप नावाने न ठरता वहिवाटीने ठरते असे म्हणावे, तर अस्पृश्यांना बाहेर ठेवणे हीही शतकानुशतकांची वहिवाटच होती. बडवे आणि उत्पात यांनी विठ्ठल-रखुमाईच्या देवळांवर सांगितलेला वंशपरंपरागत हक्कही वहिवाटीच्याच आधारावर उभा होता. याचे उत्तर असे की वहिवाट दोन प्रकारची असते : एक भोगणाऱ्यांची आणि दुसरी येणाऱ्यांची. पहिलीचे दप्तर असते, तिच्या सनदा असतात; दुसरीची नोंद कोणत्याही वहीत नसते, परंतु तिच्यावाचून पहिलीस काही मोलच उरत नाही, कारण ज्या देवळात कोणी येत नाही त्याच्या पूजेच्या हक्कासाठी कोणी कज्जा करीत नाही. पंढरपूरच्या देवळांविषयी १९७३ साली झालेल्या कायद्याने वंशपरंपरागत हक्क रद्द केले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या वादावर पडदा पडला, तेव्हा भोगणाऱ्यांच्या वहिवाटीवर येणाऱ्यांच्या वहिवाटीची सरशी झाली असेच म्हटले पाहिजे.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांविषयीच्या १९५० च्या मुंबई अधिनियमात मंदिराची जी व्याख्या आहे, ती या संदर्भात मननीय आहे. एखादे स्थळ कोणत्याही नावाने ओळखले जात असो, सार्वजनिक उपासनेसाठी त्याचा वापर होतो की नाही आणि तो लोकांच्या हिताकरिता अथवा हक्काने होतो की नाही, एवढेच ती पाहते. कोशकाराचा प्रश्न कायद्याने अशा रीतीने बाजूस सारला आणि हक्काचा प्रश्न पुढे आणला.

मात्र कायदा कुलूप काढू शकतो, सभा भरवू शकत नाही. ते काम लोक कसे करतात हे १९५६ नंतरच्या बौद्ध समाजाने दाखवून दिले. प्राचीन काळी विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. कार्ले-भाजे येथील लेण्यांत उपासनेचे चैत्यगृह वेगळे आणि राहण्याचे विहार वेगळे आहेत. आज वस्तीवस्तीतून जे बुद्धविहार उभे आहेत, तेथे बहुधा कोणी भिक्षू राहत नाही. तेथे वंदना होते, जयंतीची तयारी होते, मुले अभ्यासास बसतात, स्त्रिया बैठक घेतात. निवासाचा शब्द सभेचा झाला, आणि तो कोणा पंडिताच्या व्यवस्थेने नव्हे, तर रोज येणाऱ्या माणसांच्या पावलांनी झाला. जी देवळे कायद्याने सर्वांस मोकळी झाली, त्यांच्या सभामंडपात आज दर्शनाच्या रांगेखेरीज दुसरे काय भरते, हा प्रश्न त्यामुळे देवळांच्या विश्वस्तांइतकाच आपणा भाविकांसही विचारावा लागेल. शेजारी उभ्या असलेल्या अपरिचित माणसाशी दोन शब्दही न बोलता जेथून परतता येते, ते स्थळ सर्वांना खुले असूनही अद्याप कोणाचेच झालेले नाही.