आत्ममुग्ध जोडीदाराला सोडल्यावर तो असा का वागतो?



वर्षानुवर्षे सहन केल्यानंतर एखादी व्यक्ती आत्ममुग्ध जोडीदाराचे घर सोडते. आता तरी शांतता मिळेल असे तिला वाटते, आणि वादळ नेमके तेव्हाच सुरू होते. ज्याने कधी साधी विचारपूस केली नाही, तो दिवसभर फोन करू लागतो. फोन उचलला नाही की शिव्यांचे मेसेज येतात, रात्री माफीचे येतात आणि सकाळी नातेवाईक दारात उभे राहतात. मग ती डोळे मिटून ध्यानाला बसते तेव्हा मनात एकच प्रश्न फिरत राहतो : त्याला माझी किंमत आता कळली असेल का? मी घाई तर केली नाही ना?

तुमच्या मनात हा प्रश्न असेल, तर आजचे चिंतन तुमच्यासाठी आहे. येथे मी ‘तो’ म्हणत आहे, पण अशी स्त्रीही असू शकते आणि सहन करणारा पुरुषही असू शकतो.

आधी एका शब्दाबद्दल. मानसशास्त्राच्या मराठी लेखनात या स्वभावासाठी कधी कधी ‘आत्मरती’ हा शब्द वापरलेला दिसतो. अनुवाद करताना मी तो मुद्दाम टाळते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हाच शब्द ज्ञानी पुरुषासाठी आला आहे. जो आपल्या आत्म्यातच रमतो आणि तिथेच तृप्त होतो, त्याला कोणाकडून काही मिळवायचे उरत नाही. आपण ज्याच्याबद्दल बोलत आहोत, त्याची स्थिती याच्या अगदी उलट आहे. तो स्वतःत रमूच शकत नाही. आपण मोठे आहोत हे त्याला रोज कोणीतरी सांगावे लागते, रोज कोणीतरी घाबरावे लागते, कोणीतरी रडावे लागते. तुम्ही त्याच्यासाठी आरसा होता. आरसा भिंतीवरून निघाला की समोर कोरी भिंत उरते, आणि ती त्याला सहन होत नाही.

हे लक्षात आले की त्याचे पुढचे वागणे कळू लागते. तो तुमच्यासाठी धावत नाही. कोऱ्या भिंतीच्या भीतीने धावतो.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी वृत्तीच्या माणसाच्या मनातले बोलणे जणू त्याच्याच तोंडून ऐकवले आहे. आज मी हे मिळवले, उद्या ते मिळवीन. हा शत्रू मी संपवला, इतरांनाही संपवीन. मीच स्वामी, मीच भोक्ता, माझ्यासारखा दुसरा कोण आहे? आणि त्याच ओघात, मी यज्ञ करीन, मी दान देईन. हा शेवटचा भाग वाचताना थोडे थांबा. असा माणूस देवधर्म करणारा, देणगी देणारा, शेजाऱ्यांच्या अडचणीला पहिला धावणारा असू शकतो. म्हणूनच तुम्ही घर सोडता तेव्हा लोक विचारतात, “इतक्या चांगल्या माणसाला कसे काय सोडले?” लोक खोटे बोलत नसतात. त्यांना दिवाणखान्यातला माणूस माहीत असतो, बंद दारामागचा नाही.

आता हे वादळ कसे येते ते पाहू. पहिल्यांदा त्याचा विश्वासच बसत नाही. “जाऊन जाऊन जाणार कुठे? चार दिवसांत येईल परत.” चार दिवस उलटतात आणि मग राग येतो. दुसऱ्या अध्यायात ही साखळी सांगितली आहे : आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, मग स्मृतीचा गोंधळ आणि शेवटी बुद्धीचा नाश. मानसोपचारतज्ज्ञ हाइन्झ कोहुट यांनी १९७२ मध्ये या विशिष्ट रागावर एक निबंध लिहिला. साधा राग हेतू साधला की शमतो. हा राग शमत नाही, कारण त्याला झालेल्या अपमानाचा सूड हवा असतो, मग त्यात स्वतःचे नुकसान झाले तरी चालते. पैसे अडवणे, कागदपत्रे लपवणे, मुलांना तुमच्याविरुद्ध बोलायला लावणे हे सगळे याच रागाचे प्रकार आहेत.

वाल्मीकी रामायणातील युद्धकांड या दृष्टीने पुन्हा वाचावे असे मला वाटते. विभीषण हा भाऊ, जोडीदार नव्हे. पण सोडून जाणाऱ्याशी अहंकार कसा वागतो, ते तिथे अगदी स्पष्ट दिसते. सीतेला परत पाठव, एवढेच विभीषण सांगत होता. रावणाने त्याला कुळाचा कलंक ठरवले. आपलेच नातेवाईक आपल्या संकटात आनंद मानतात, असे सुनावले. म्हणजे चूक दाखवणारा तोच मत्सरी! विभीषण चार सोबत्यांसह लंका सोडून रामाकडे गेला. त्यानंतर रावणाने शुक नावाच्या राक्षसाला गुप्तपणे सुग्रीवाकडे पाठवले : तुझे माझे वैर नाही, तू किष्किंधेला परत जा. जे आता विभीषणाचे मित्र होते, त्यांनाच फोडण्याचा हा प्रयत्न होता. तुमच्या मैत्रिणीला, तुमच्या आईला, तुमच्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याला त्याचे अचानक गोड फोन येऊ लागले, तर शुकाची आठवण ठेवा.

रागाने काम झाले नाही की गोडवा येतो. सगळ्यात अवघड भाग हाच. इंग्रजीत याला हूवर या व्हॅक्यूम क्लीनरच्या नावावरून ‘हूवरिंग’ म्हणू लागले आहेत, म्हणजे बाहेर पडलेल्याला पुन्हा आत ओढून घेणे. आपल्याकडे याचे एक जुने उदाहरण आहे. संत मीराबाईंना सासरच्या राणाने विष पाठवले, छळ केला आणि अखेर त्या चित्तोड सोडून गेल्या. परंपरा सांगते की त्या द्वारकेत असताना त्याच घराण्याने ब्राह्मणांना त्यांच्याकडे पाठवले. चला परत, आणि आला नाहीत तर आम्ही इथेच अन्नपाणी सोडून प्राण देऊ. विषाचा पेला पाठवणाऱ्यांचीच ही विनंती होती, आणि तिच्यात दुसऱ्याच्या मृत्यूचे ओझे मीराबाईंच्या शिरावर ठेवलेले होते. त्या परत गेल्या नाहीत. रणछोडरायांचा निरोप घ्यायला मंदिरात गेल्या आणि मूर्तीत विलीन झाल्या, अशी कथा आहे.

“तू आली नाहीस तर मी जिवाचे बरेवाईट करून घेईन” असे कोणी म्हणाले, तर ती धमकी पोकळ समजून सोडून देऊ नका, पण स्वतः धावतही जाऊ नका. ११२ वर फोन करा, त्याच्या घरच्यांना कळवा. त्याचा जीव वाचावा म्हणून तुम्ही जे करायला हवे, ते यात पूर्ण होते.

कधी कधी यातले काहीच घडत नाही. महिनाभरात त्याच्या शेजारी दुसरे कोणी हसत उभे असलेले फोटो दिसतात. यानेही जीव तुटतो, खोटे कशाला बोलावे? पण आरशाची जागा आरशाने भरली गेली आहे. तुमच्या जागी कोणी आलेले नाही, कारण तिथे माणसासाठी जागा नव्हतीच.

आता धार्मिक मनाला अडवणारी गोष्ट. आपल्याला लहानपणापासून क्षमा शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. पण घरातली मोठी माणसे “क्षमा कर” म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा “परत जा” म्हणायचे असते. हे दोन वेगळे व्यवहार आहेत. क्षमा तुमच्या अंतःकरणात होते, तिला समोरच्याची सहीसुद्धा लागत नाही. परत जाण्यासाठी मात्र समोरचा बदललेला असावा लागतो, आणि बदल अश्रूंवरून ओळखू नये. तो स्वतःहून उपचार घेतो आहे का? तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर शांत राहतो का? हे काही महिने दुरूनच पाहावे लागते.

“इतकी वर्षे दिली, ती वाया कशी घालवू?” हेही मन अडवते. वाणिज्य शाखेत आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात की जो पैसा खर्च झाला आणि परत येणार नाही, तो पुढचा निर्णय घेताना हिशेबात धरायचा नसतो. बंद पडलेल्या यंत्रावर आधी किती लाख घातले, हे पाहून आणखी लाख घालणारा व्यापारी बुडतो. गेलेली बारा वर्षे परत जाऊन मिळणार नाहीत. तेरावे मात्र अजून तुमच्या हातात आहे.

एक सावधगिरी येथे सांगायलाच हवी. भांडणारा किंवा स्वार्थी वागणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये या व्यक्तिमत्त्व विकाराला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले, पण निदान करणे हे तज्ज्ञाचे काम आहे. तुम्हाला शिक्का मारायची गरजही नाही. मारहाण, धमकी, पैशाची अडवणूक, सततचा अपमान हे घर सोडायला पुरेसे कारण आहे, त्याला नाव कोणतेही असो. आणि मनात “त्याला सगळ्यांसमोर उघडे पाडीन” अशी ऊर्मी उठू लागली, तर ती कुठून येते आहे, तेही शांत बसून पाहा. त्याच्याविषयी दिवसभर बोलत राहणे म्हणजे दुरून आरसा धरून ठेवणेच.

प्रत्यक्षात काय करावे? निघण्याच्या आधीचे आणि लगेच नंतरचे दिवस धोक्याचे असू शकतात, म्हणून तारीख आणि पत्ता सांगून जाऊ नका. आधार कार्ड, बँकेची कागदपत्रे, मुलांचे दाखले विश्वासू व्यक्तीकडे आधीच ठेवा. धमकीचे मेसेज पुसून टाकू नका. मुलांसाठी बोलणे भाग असेल तर लेखी बोला, थोडके बोला, स्पष्टीकरण देत बसू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीइतकाच मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. मन फार खचले असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्त्री-पुरुष सर्वांसाठी आहे, आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येते.

साधनेसाठी एक छोटा नियम ठेवा. त्याचा मेसेज आला तर त्याच दिवशी उत्तर द्यायचे नाही. रात्र जाऊ द्या. सकाळी स्नान, प्राणायाम, जप, जे तुम्ही करत असाल ते पूर्ण करा, आणि मग तो मेसेज विश्वासातल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. बहुतेक वेळा वाचता वाचताच लक्षात येते की त्यात ‘मी’ किती वेळा आला आहे आणि तुमची चौकशी एकदाही नाही.

जय गुरुदेव.