आदराने दिलेले दान



दान पारमितेवर आपण बोलतो तेव्हा बहुधा 'किती दिले' यावरच बोलतो. अंगुत्तर निकायात तथागतांनी सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत, त्यांत रक्कम कुठेच नाही. तो आदराने देतो, विचारपूर्वक देतो, स्वतःच्या हाताने देतो, टाकाऊ देत नाही आणि यातून पुढे काही निष्पन्न होणार आहे हे जाणून देतो.

बांगलादेशातले उदाहरण घ्या. जुलाबाने तिथे असंख्य लहान मुले दगावत. 1980 पासून दहा वर्षे 'ब्रॅक' या तिथल्याच संस्थेने, परदेशी देणग्यांच्या आधाराने, घरोघरी कार्यकर्त्या पाठवल्या. औषध वाटायला नव्हे. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, सगळे त्या घरातलेच. आणि द्रावण आईनेच करून दाखवायचे. एक कोटीहून अधिक घरांत हे पोहोचले.

मला मोबदल्याची पद्धत विशेष वाटते. किती घरे झाली यावर पैसे नव्हते. नंतर दुसरे कोणी जाऊन काही आयांना विचारी. त्यांना जितके नीट आठवे, तितका कार्यकर्तीचा मोबदला. (आमच्या आयटीत ट्रेनिंगच्या हजेरीवर सह्या झाल्या की बिल निघते!) म्हणजे परीक्षा आईची नव्हती, शिकवणारीची होती. मी आदर म्हणतो तो याला.

तरीही सुरुवातीला फार थोड्या आया ते वापरत. शोध घेतल्यावर कळले, शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता! मग त्यांना ढाक्याला नेऊन ते कसे काम करते हे दाखवले आणि आईसमोर आधी स्वतः घोट घ्यायला सांगितले. 'स्वतःच्या हाताने' याचा अर्थ मला इथे कळतो.

आपल्यापैकी कित्येकजण वह्यावाटपाच्या रांगेत उभे राहिलेले आहेत, घेणाऱ्यांच्या बाजूला. हात पुढे, मान फोटोकडे. ते आपण विसरलेलो नाही.

सध्या गावाकडच्या वसतिगृहासाठी जुने लॅपटॉप जमा होत आहेत. जो आपण स्वतःच्या मुलाला अभ्यासाला देणार नाही, तो खोक्यात टाकू नये. आणि सहा महिन्यांनी तिथल्या मुलामुलींना फोन करून काय चालते, काय बंद पडले, हे विचारायला दोघेजण हवे आहेत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर नावे द्यावीत.